वेगाची वाट आणि वाटेची रीत

जेथें समोरून येणारें वाहन नाहीं, रस्ता ओलांडणारीं मुलें वा गुरें नाहींत आणि वेगावर सरकारी मर्यादाही नाहीं, अशी एखादी वाट आपल्या मोटारीला मिळावी ही इच्छा मोटारीच्या जन्माइतकीच जुनी आहे. विसाव्या शतकांत अशा वाटा खरोखरच बांधल्या गेल्या. परंतु त्यांचा इतिहास पाहूं गेल्यास एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. सडकेवरचे जे निर्बंध तेथून दूर झाले, त्यांच्या जागीं तितकेच, किंबहुना अधिक कडक निर्बंध त्या मोकळ्या वाटेवर जाणाऱ्यांनीं आपण होऊन स्वीकारले. ते कां स्वीकारले, आणि स्वतःची मोटार घेऊन अशा मार्गावर उतरणाऱ्या हौशी माणसाकडून आजही त्यांची अपेक्षा कां केली जाते, याचें उत्तर त्या इतिहासांतच आहे.

आरंभींच्या शर्यती सार्वजनिक सडकांवरच होत. १९०३ च्या मे महिन्यांत पॅरिसहून माद्रिदकडे निघालेल्या शर्यतीनें त्या प्रथेचा शेवट जवळ आणला. सडकेच्या दोहों अंगांस प्रेक्षकांची दाटी होती, आणि पुढच्या मोटारीनें उडविलेल्या धुळींत मागच्याला कांहीं दिसत नसे. अशाच धुळींत पुढच्या गाडीला मागें टाकूं पाहतांना मार्सेल रेनो याची मोटार सडकेवरून घसरली व त्या दुखापतीनें त्याचा अंत झाला. आणखीही चालक, त्यांचे मदतनीस आणि प्रेक्षक प्राणांस मुकले. फ्रेंच सरकारनें शर्यत बोर्दो येथेंच थांबविली, आणि वेगाचा विक्रम करावयास निघालेल्या त्या मोटारी घोडे जुंपून स्टेशनावर नेण्यांत आल्या. इंग्लंडांत सडकेवर शर्यत लावण्याची सोयच नव्हती. तेथें १९०३ च्या कायद्यानें ताशीं २० मैल ही वेगाची कमाल मर्यादा ठरविली होती.

या अडचणींतून ब्रुकलंड्सचा जन्म झाला. सरे परगण्यांतील वेब्रिज गांवाजवळ ह्यू लॉक किंग या जमीनदारानें आपल्या जमिनीवर, आपल्याच खर्चानें, केवळ मोटारींसाठीं एक मार्ग बांधविला. कर्नल होल्डन यांनीं त्याचा आराखडा केला. सुमारें पावणेतीन मैलांचें काँक्रीटचें कडें, १०० फूट रुंदी आणि वळणावर बाहेरची कड जवळजवळ ३० फूट उंच, असें त्याचें स्वरूप होतें. या खटाटोपांत लॉक किंग यांची प्रकृति आणि तिजोरी दोन्ही खालावल्या, तेव्हां त्यांची पत्नी एथेल हिनें काम तडीस नेलें. १७ जून १९०७ रोजीं मार्ग खुला झाला त्या दिवशीं मिरवणुकीच्या अग्रभागीं मोटार हांकणारी तीच होती.

मार्ग झाला, रीत मात्र नव्हती. ती घोड्यांच्या शर्यतींतून उसनी घेण्यांत आली. मुंबईचें महालक्ष्मी किंवा पुण्याचें रेसकोर्स पाहिलेल्यांस ती ओळखीची वाटेल. मोटारी जमविण्याच्या जागेस ‘पॅडॉक’ हें नांव मिळालें आणि चालकांनीं जॉकीप्रमाणें रंगीत सदरे घातले. पण भरधाव मोटारींत बसलेल्या माणसाच्या सदऱ्याचा रंग प्रेक्षकांस ओळखूं येईना; तेव्हां मोटारींवर आंकडे घालण्याची पद्धत आली. ‘हँडिकॅप’ची रीत मात्र टिकली. तींत मंद मोटारी आधीं सुटत आणि वेगवान मोटारी मागून. साहजिकच शेवटच्या फेऱ्यांत अतिशय भिन्न वेगाच्या गाड्या एकाच ठिकाणीं येऊन ठेपत. कोणीं कोणाला, कोणत्या बाजूनें ओलांडून जावयाचें, हा प्रश्न मग जीवनमरणाचा झाला.

वळणाच्या उतरत्या बांधावर वेग जितका अधिक, तितकी मोटार वरच्या कडेकडे ओढली जाई. म्हणून मंद गाडीनें आंतल्या, सखल अंगास राहावें आणि वेगवान गाडीनें तिच्या वरच्या अंगानें जावें, ही व्यवस्था निसर्गालाही धरून होती. या व्यवस्थेंत जबाबदारीची जी वांटणी आहे, तीच पुढें जगभर अशा मार्गांच्या शिष्टाचाराचा पाया झाली. मागच्यानें वाट शोधावी आणि पुढच्यानें वाट बदलूं नये. आरशांत वेगवान मोटार दिसतांच दचकून एकदम बाजूला होणारा चालक स्वतःस सभ्य समजतो. परंतु मागच्यानें त्याच बाजूनें जाण्याचें ठरविलें असेल तर ती सभ्यता घातक ठरते. दुसऱ्याला आपली चाल आधींच कळावी, हें येथें सौजन्याचें पहिलें लक्षण.

सौजन्याचा दुसरा धडा कुंपणाबाहेरून आला. मार्ग खुला झाल्यावर थोड्याच दिवसांनीं, २८ जूनच्या संध्याकाळीं, सेल्विन एज यानें नेपियर मोटार घेऊन सतत २४ तास धांव आरंभिली. रात्रीं कड दिसावी म्हणून लाल कंदिलांची रांग लावली होती. त्यानें १,५८१ मैल तोडले, म्हणजे ताशीं सरासरी ६५ मैलांहून अधिक वेग झाला. विक्रम मोठा होता. पण शेजाऱ्यांची झोंप मोडली. त्यांच्या तक्रारींमुळें रात्रीच्या धांवेस कायमची बंदी झाली, आणि १९२९ सालीं २४ तासांची शर्यत घ्यावयाची ठरली तेव्हां ती दोन दिवसांच्या बारा बारा तासांत विभागावी लागली. पुढें आवाज दडपणारी मोठी नळी प्रत्येक मोटारीस सक्तीची झाली. आजही कित्येक मार्गांवर मोटारीचा आवाज यंत्रानें मोजला जातो व अधिक भरल्यास मालकास परत पाठविण्यांत येतें. ज्याला हा जुलूम वाटतो त्यानें ध्यानांत घ्यावें कीं शेजाऱ्यांच्या संतापानें मार्ग बंद पडला, तर तो सर्वांनाच मुकावा लागतो.

तिसरा धडा देहाचा. पर्सी लँबर्ट यानें १५ फेब्रुवारी १९१३ रोजीं याच मार्गावर एका तासांत १०० मैलांहून अधिक अंतर प्रथम तोडलें. त्याच वर्षीं ३१ ऑक्टोबरला नव्या विक्रमाच्या प्रयत्नांत टायर फुटून तो मरण पावला. कौशल्यांत तो कोणाला हार जाणारा नव्हता. पण रबराला कौशल्य कळत नाहीं. पुढच्या वर्षीं ब्रुकलंड्सचे वैद्यकीय अधिकारी डॉ. एरिक गार्डनर यांच्या लक्षांत आलें कीं डोक्यास मार लागलेला एखादा मोटारसायकलस्वार दर पंधरा दिवसांस आपल्याकडे येतो. त्यांनीं कापड आणि लाखेचें रोगण यांचें कठीण शिरस्त्राण करविलें. शर्यतींच्या चालकसंस्थेनें आधीं तें झिडकारलें, मग मान्य केलें, आणि १९१४ च्या आइल ऑफ मॅन येथील शर्यतीस डॉक्टर अशीं ९० हून अधिक शिरस्त्राणें घेऊन गेले. शर्यतीनंतर त्या बेटावरील वैद्यानें त्यांना कळविलें कीं दर वर्षीं मेंदूस धक्का बसलेले कांहीं रोगी हटकून येत. या खेपेस एकही आला नाहीं. मोटारींच्या जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतींत मात्र हेल्मेट सक्तीचें होण्यास १९५२ साल उजाडावें लागलें. डोकें वांचविणारी वस्तु पटण्यास डोक्यांनाच इतका वेळ लागला!

सामान्य माणसानें आपली रोजची मोटार घेऊन शर्यतीच्या मार्गावर जावें, या प्रथेचें सर्वांत नांवाजलेलें स्थान जर्मनींत आहे. आयफेलच्या डोंगराळ प्रदेशांत, बेकारांस काम मिळावें या हेतूनें, १९२५ सालीं न्युर्बुर्गरिंगचें बांधकाम सुरू झालें. आडेनाऊचे जिल्हाधिकारी डॉ. ऑटो क्रॉइट्स हे या योजनेचे पुरस्कर्ते होते. १९२७ च्या जूनमध्यें मार्ग खुला झाला, आणि शर्यती नसतील तेव्हां पैसे भरून कोणीही येथें मोटार हांकावी, ही सवलत आरंभापासूनच देण्यांत आली. त्याचें उत्तरेकडील कडें आज सुमारें २०.८ किलोमीटर लांब आहे. त्यांत ७३ वळणें असून चढउतारांचा फरक सुमारें ३०० मीटर आहे.

येथील नियमांचें मर्म एका वाक्यांत सांगतां येतें: हौशी चालकांसाठीं हा मार्ग खुला असतो तेव्हां ती शर्यत नसून पथकर भरून वापरावयाची एकेरी सडक असते. देशाचा वाहतुकीचा कायदा तेथें लागू असतो. उजव्या अंगानें चालावें व डावीकडूनच ओलांडावें. कारण नसतां थांबूं नये. घड्याळ लावून फेरीचा वेळ मोजूं नये. हा शेवटचा नियम नवख्यास विचित्र वाटतो. परंतु वेळ मोजूं लागलें कीं पुढची मंद गाडी ही माणसानें भरलेली गाडी न राहतां वाया गेलेले सेकंद होऊन बसते. मोटार बिघडल्यास ती कडेला न्यावी, आंतील सर्वांनीं कठड्यापलीकडे जावें व मदत बोलवावी. कठडा मोडला तर त्याची भरपाई मोडणाऱ्यानेंच करावयाची असते, आणि विमा कंपन्या पुष्कळदां अशा ठिकाणची जोखीम पत्करीत नाहींत. गाडींतून तेल किंवा पाणी गळत असतां फेरी पुरी करण्याचा हट्ट धरणें हा तर मोठाच अपराध. मागून येणाऱ्याला तो ओला पट्टा वळणावर पोंचेपर्यंत दिसतही नाहीं.

हा मार्ग किती निष्ठुर आहे हें कसलेल्या चालकांनींही अनुभविलें. १९६८ सालीं धुकें आणि पाऊस यांत जॅकी स्टुअर्ट यानें येथें चार मिनिटांच्या अंतरानें विजय मिळविला. त्यानेंच या मार्गाला ‘हिरवा नरक’ हें नांव दिलें. १९७० सालीं चालकांनीं येथें येण्यास नकार दिल्यावर कठडे व इतर सुधारणा झाल्या. तरी लांबी हीच मुख्य अडचण राहिली. एवढ्या मोठ्या कड्यावर मदत वेळेवर पोंचणार कशी? १ ऑगस्ट १९७६ रोजीं निकी लाउडा याची मोटार आदळून पेटली, तेव्हां त्याला बाहेर काढलें तें मेर्झारिओ, लंगर, एडवर्ड्स आणि एर्टल या मागून आलेल्या स्पर्धकांनीं. लाउडा वांचला आणि सहा आठवड्यांत पुन्हां शर्यतींत उतरला. मात्र त्या वर्षानंतर या लांब कड्यावर फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपदाची शर्यत झाली नाहीं. स्पर्धकांच्या धैर्याला तोड नव्हती; परंतु ज्या व्यवस्थेंत प्राण वांचणें हें मागून कोण येतें यावर अवलंबून असतें, ती व्यवस्था अपुरी, हें त्या दिवशीं सिद्ध झालें.

निशाणें घेऊन उभे असलेले रक्षक हे त्या अपुरेपणावरचें उत्तर. पिवळें निशाण म्हणजे पुढें धोका आहे, वेग कमी करावा, कोणास ओलांडूं नये. पिवळ्यावर तांबडे पट्टे असल्यास मार्ग निसरडा. निळें म्हणजे मागून वेगवान मोटार येत आहे. तांबडें दिसल्यास सर्वांनीं सावकाश परतावें. अनेक ठिकाणीं भरविल्या जाणाऱ्या हौशी चालकांच्या दिवशीं आधीं सर्वांस एकत्र बसवून हे संकेत समजावून देतात. कित्येक ठिकाणीं ओलांडण्यास केवळ सरळ पट्ट्यावर आणि पुढच्या चालकानें हात दाखविल्यावरच परवानगी असते. म्हणजे परवानगी देण्याचा मान मंद चालकाचा. घरून निघण्यापूर्वीं चाकांचे नट आवळावे, टायर पाहावे, गाडींतील सुट्या वस्तू काढाव्या आणि ब्रेकचें तेल नवें भरावें. जुनें तेल हवेंतील ओल शोषून घेतें, तापल्यावर उकळतें आणि पायाखालचा ब्रेक ऐनवेळीं दबतो पण गाडी धरत नाहीं. शेवटची फेरी सावकाश घ्यावी, म्हणजे तापलेले ब्रेक निवतात.

भारतांतही चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथें १९९० पासून, कोइमतूरजवळ २००३ पासून आणि ग्रेटर नोइडा येथें २०११ पासून असे मार्ग आहेत. पण या शिस्तीचा उपयोग तेथें जाणाऱ्यांपुरताच नाहीं. २००२ सालीं पूर्णपणें खुला झालेला मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग घ्या. पादचारी आणि समोरची वाहतूक तेथूनही दूर केली आहे, आणि म्हणूनच उरलेला मुख्य धोका दुसऱ्या चालकाचा आहे. उजवी पट्टी ओलांडण्यापुरती वापरावी, आरशांत पाहावें, पट्टी बदलण्याआधीं इशारा द्यावा, हे ब्रुकलंड्सचेच धडे होत.

ब्रुकलंड्सच्या शर्यती १९३९ च्या महायुद्धानें थांबल्या त्या पुन्हां सुरू झाल्याच नाहींत. तें काँक्रीट आज तुकड्या-तुकड्यांनीं उरलें असून त्याच्या शेजारीं संग्रहालय आहे. मार्ग गेला, पण तेथें रक्त सांडून ठरलेली रीत गेली नाहीं. आपली मोटार घेऊन पहिल्यांदाच शर्यतीच्या मार्गावर उतरलेला माणूस जेव्हां आपली रेघ न सोडतां हात बाहेर काढून मागच्याला वाट दाखवितो, तेव्हां तीच रीत तो नकळत पाळीत असतो. आणि संध्याकाळीं दोघेही आपापल्या मोटारीनें घरीं जातात.