शब्दवेध : इंद्याल

वसईतल्या गिरीज गावात नाताळात किंवा लग्नघरी टोपात मुरलेलं इंद्याल हवंच. सुक्या मिरच्या, जिरं आणि भरपूर लसूण व्हिनेगरमध्ये वाटायचं, डुकराच्या मांसाला चोळायचं आणि मंद आचेवर शिजवायचं. दुसऱ्या दिवशी त्याची चव अधिक खुलते.

या नावाचं मूळ पोर्तुगीज ‘विन्या दाल्युश’मध्ये आहे. ‘विन्यु’ म्हणजे वाइन आणि ‘आल्यु’ म्हणजे लसूण. वाइन-लसणात मांस टिकवण्याची ही रीत मदेरा बेटावर आजही नाताळात पाळली जाते. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. सत्ता गेली, पण पदार्थ चुलीवर राहिला. वाइनच्या जागी व्हिनेगर आलं, त्याला मिरचीची जोड मिळाली. गोव्यात त्याचं ‘विंदालू’ झालं, तर आपल्याकडे आरंभीचा ‘व’ गळून ‘इंद्याल’. विंदालूतल्या ‘आलू’चा बटाट्याशी संबंध नाही, तो लसूण आहे. हॉटेलांनी मात्र नावावरून त्यात बटाटे घातले.

‘पाव’सुद्धा पोर्तुगीजच, आणि इंद्यालाचा रस टिपायला तोच लागतो. हे शब्द शब्दकोशापेक्षा आपल्या आयाबायांनी जास्त जपले. म्हणून घरात ‘विंदालू’ न म्हणता ‘इंद्याल’च म्हणा, आणि त्याची रीत मुलांना शिकवा.