वाळूनें तारलेली वेल

परसांत वाफा करावयाचा म्हणजे पोयट्याची माती नि कुजलेलें शेणखत हवें, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. अमेरिकेंतील क्रॅनबेरीच्या वेलीचा न्याय मात्र उलटा. तिला आंबट, निकस जमीन हवी आणि वर वाळूचा थर हवा. (आपल्या करवंदालाही कोणी कोणी हेंच नांव देतात, परंतु करवंद पडलें सदाफुलीच्या कुळांतलें!)

मॅसॅच्युसेट्स संस्थानांत केप कॉड नांवाचा वाळूचा एक भूभाग समुद्रांत शिरला आहे. तेथील दलदलींत ही वेल आपोआप वाढे, आणि वाम्पनोआग लोक तिचीं तांबडीं फळें अन्नांत व औषधांत वापरीत. पुढें गोरे वसाहतवालेही तीं वेचूं लागले व लौकरच ओढाताण सुरू झाली. १७७३ सालीं प्रोव्हिन्सटाउन गांवानें ठराव केला कीं, २० सप्टेंबरपूर्वीं एका क्वार्टाहून, म्हणजे सुमारें लिटरभराहून, अधिक फळें तोडणारास एक डॉलर दंड व्हावा आणि फळें जप्त व्हावीं. दंडापेक्षां लागवड बरी, हें सुचावयास मात्र आणखी चाळीसएक वर्षें लागलीं!

तें सुचविलें वाऱ्यानें. डेनिस गांवीं हेन्री हॉल नांवाचा, स्वातंत्र्ययुद्धांत लढलेला गृहस्थ राहात असे. १८१६ च्या सुमारास त्याच्या दलदलींतील वेलींवर वाऱ्यानें वाळू येऊन पडली. वेली गुदमरावयाच्या, पण त्या अधिकच जोमानें फुटल्या. कारण वाळूखालीं दबलेल्या खोडास नवीं मुळें फुटतात, आणि तण दडपून जातें. हॉलनें वेली उपटून दुसरीकडे लावल्या, त्यांवर हातानें वाळू पसरली. शेजाऱ्यांनीं त्याचा कित्ता गिरविला. ज्या दलदलीस कोणी विचारीत नव्हतें तिला किंमत आली, आणि सामायिक वेचणीच्या जागीं खासगी मळे उभे राहिले. अक्विना येथील वाम्पनोआग मात्र आजही ऑक्टोबरांत क्रॅनबेरीचा दिवस पाळतात.

पाण्यावर तरंगणाऱ्या फळांचीं चित्रें पाहून ही वेल बारमाही पाण्यांत उभी असते, असा पुष्कळांचा समज होतो. वस्तुतः फळाच्या पोटांत हवेचे कप्पे असतात, म्हणून तोडणीपुरतें पाणी सोडून तीं तरंगवितात. तिकडील घरगुती बागेंत याची गरजच नाहीं. वीतभर खोल खड्डा, त्यांत पीट नांवाची दलदलीची कुजकट माती, वर वाळू, आणि सतत ओल. मग तिसऱ्या वर्षाच्या सुमारास फळ. आपल्या उष्ण प्रदेशांत मात्र तिला लागणारी दीर्घ थंडी मिळत नाहीं. मोठ्या मळ्यांतून तर हिवाळ्यांत गोठलेल्या पाण्यावरच वाळू पसरून ठेवतात. बर्फ वितळलें कीं ती आपोआप वेलींवर जाऊन बसते.