दुखापतीनंतर किती उचलावे : प्रस्तावना

खांदा धरलेला किंवा कंबर गेलेला माणूस आपल्याकडे दोन सल्ल्यांच्या कात्रीत सापडतो. घरचे म्हणतात, ते वजनबिजन बंद कर आणि महिनाभर गप पडून राहा. व्यायामशाळेतला दादा म्हणतो, थोडं दुखणारच, रेट. दोघेही आपुलकीनेच बोलत असतात, पण खरा प्रश्न दोघांच्याही बोलण्यात येत नाही. तो प्रश्न म्हणजे ‘किती?’ दुखावलेल्या स्नायूवर, टेंडनवर, हाडावर आज किती भार टाकायचा, आणि तो बेताचा होता की जास्तीचा, हे उद्या कशावरून ओळखायचे? या पुस्तकाचा विषय एवढाच आहे. फिजिओ, प्रशिक्षक, दुखापतीतून उठू पाहणारा खेळाडू किंवा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर जिना चढायला बिचकणारा गृहस्थ, यांपैकी कोणीही या विषयात यावे. पूर्वतयारी लागत नाही.

विषयाचा आधुनिक इतिहास दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटल या लष्करी रुग्णालयात सुरू होतो. मांडीची हाडे मोडलेले, गुडघे निकामी झालेले सैनिक तिथे महिनोन्‌महिने पडून होते. हलका भार आणि असंख्य आवर्तने ही तेव्हाची रीत. थॉमस डेलॉर्म या तरुण लष्करी डॉक्टरला ती पटेना. पोरवयात संधिवाताच्या तापाने तो स्वतः अंथरुणाला खिळला होता, आणि पुढे वजने उचलूनच त्याने शरीर कमावले होते. त्याने सैनिकांच्या पायाला लोखंडी बूट बांधला, बुटाला वजनाच्या चकत्या अडकवल्या आणि बसल्या जागी गुडघा वाकवून सरळ करायला लावला. जेमतेम दहा वेळा उचलता येईल एवढेच वजन घ्यायचे आणि ताकद वाढेल तसे तेही वाढवत न्यायचे. वाळून गेलेल्या मांड्या भरू लागल्या. 1945 साली त्याने ही पद्धत अस्थिशल्यचिकित्सेच्या नियतकालिकात मांडली.

सुरुवातीला तो दहा-दहाचे सात ते दहा सेट करून घेई. एवढ्यांची गरज नाही, हे त्याच्या आणि आर्थर वॉटकिन्स यांच्या अनुभवातून स्पष्ट झाले, आणि 1948 मध्ये दोघांनी तीन सेटांची मांडणी पुढे ठेवली: पहिला निम्म्या वजनाने, दुसरा पाऊण वजनाने, तिसरा पूर्ण. आज गल्लोगल्लीच्या जिममध्ये ‘तीन सेट, दहा रेप्स’ हा पाढा पोरे म्हणतात, त्याचे मूळ शरीरसौष्ठवाच्या रंगमंचावर शोधू नये. ते या जखमी सैनिकांच्या वॉर्डात सापडते. 1951 मध्ये इंग्लंडमध्ये झिनोव्हिएफ यांनी क्रम उलटा केला. स्नायू ताजा असताना सर्वांत जड वजन आणि मग उतरते. दोहोंत कोणता क्रम श्रेष्ठ यावर बरीच शाई खर्ची पडली. माझ्या मते त्या वादात फारसे हशील नाही.

डेलॉर्मने हीच पद्धत पोलिओने दुबळ्या झालेल्या मांड्यांवरही वापरून पाहिली. त्याच सुमारास आपल्याकडेही पुनर्वसनाला शास्त्र म्हणून जागा मिळत होती. 1950 साली कमला निंबकर यांनी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. फिजिओथेरपीचे विद्यालयही त्याच दशकात तिथे उभे राहिले. मराठी वाचकाला हा विषय परका वाटायचे कारण नाही.

‘किती?’ या प्रश्नाला माझ्या मते सर्वांत सुबक उत्तर 1979 मध्ये केनेथ नाइट यांनी दिले. ते जरा जवळून पाहू. समजा, गुडघा दुखावलेली एक मुलगी पाय सरळ करण्याच्या यंत्रावर 20 किलोवर काम करते आहे. पहिला सेट 10 किलो, दहा वेळा. दुसरा 15 किलो, सहा वेळा. तिसऱ्या सेटला पूर्ण 20 किलो, आणि आकडा ठरवलेला नाही, जमतील तेवढे. तिने पाच ते सात काढले तर वजन नेमके आहे, चौथ्या सेटला तेच ठेवायचे. दोनच निघाले तर अडीच ते पाच किलो उतरवायचे, दहा निघाले तर तेवढेच चढवायचे. या चौथ्या सेटलाही जमतील तेवढे काढायचे, आणि तिथे निघालेल्या आकड्यावरून दुसऱ्या दिवशीचे वजन ठरवायचे. महिन्याभराचा तक्ता आधीच छापून ठेवायची गरज उरत नाही. झोप अपुरी झाली, गुडघ्यावर सूज आली, प्रवास घडला, तर सगळे तिसऱ्या सेटच्या आकड्यात उमटते. प्रशिक्षकाचा हट्ट आणि रुग्णाची भीती, दोन्ही त्या आकड्यापुढे गप्प बसतात.

सुजेचे महत्त्व इथे सांगितले पाहिजे. गुडघ्यात पाणी झाले की मांडीच्या पुढच्या स्नायूला मज्जारज्जूकडून मिळणारा आदेशच दबतो. रुग्ण जिवाच्या आकांताने जोर लावतो आणि मांडी साथ देत नाही. त्याला आळशी ठरवणारा प्रशिक्षक मी पाहिला आहे. त्याने आधी गुडघ्याचा घेर मोजायला हवा होता.

टेंडनची कहाणी वेगळी आणि थोडी गमतीची आहे. 1998 मध्ये स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी टाचेच्या वरचा टेंडन दीर्घकाळ दुखणाऱ्या 15 धावपटूंना पायरीच्या कडेवर उभे केले आणि टाच सावकाश खाली न्यायला सांगितले. 15 आवर्तनांचे तीन सेट, एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून, दिवसातून दोनदा, आठवड्याचे सातही दिवस, 12 आठवडे. दुखले तरी थांबायचे नाही, आणि दुखणे संपले की पाठीवरच्या सॅकमध्ये वजन भरायचे. हे सगळे शस्त्रक्रियेच्या रांगेतले लोक होते, आणि 12 आठवड्यांनी सगळे पुन्हा धावू लागले. मग उतरत्या हालचालीतच जादू आहे असा बोलबाला झाला. 2015 मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी आठवड्यातून तीनच वेळा, जड वजन सावकाश वर-खाली नेऊन तितकेच चांगले परिणाम मिळवले आणि त्या जादूतली हवा निघाली. टेंडनला पुरेसा जड भार पुरेसा काळ हवा असतो, असे यातून दिसते.

‘दुखले तरी थांबायचे नाही’ हे वाक्य मात्र सुटे उचलून जिमच्या भिंतीवर लावू नये. त्याला मर्यादा आहेत, आणि स्वीडनमध्येच त्या बांधल्या गेल्या. वेदनेला शून्य ते दहा गुण द्यायचे. व्यायामात आणि त्यानंतर पाचपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती उतरली पाहिजे, आणि आठवड्यागणिक दुखणे व आखडणे वाढता कामा नये. हा नियम पाळून धावत राहिलेल्यांची प्रगती, सुरुवातीचे आठवडे धावणे पूर्ण बंद ठेवलेल्यांच्या तोडीची झाली, असे 2007 मध्ये दिसून आले. नियम रेंगाळलेल्या टेंडनदुखीसाठी आहे. ताज्या अस्थिभंगाला किंवा फाटलेल्या स्नायूला तो लावू नये.

आता पडून राहण्याविषयी. 1966 मध्ये अमेरिकेत डॅलस येथे पाच धडधाकट तरुणांना 20 दिवस खाटेवर ठेवले. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव भागाहून अधिक घटली. कंबरदुखीच्या रुग्णांवर 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सात दिवस विश्रांतीचा सल्ला मिळालेले, दोन दिवसांचा सल्ला मिळालेल्यांपेक्षा काही लवकर बरे झाले नाहीत. फक्त त्यांच्या कामाचे खाडे वाढले. तरी ‘बेडरेस्ट’ची चिठ्ठी आपल्याकडे अजून सढळ हाताने मिळते.

कार्यक्रम बदलायचा म्हणजे चकत्या कमी करायच्या, एवढाच अर्थ अनेकजण घेतात. वजन ही एकच किल्ली नाही. बेंच प्रेसने खांदा दुखत असेल तर जमिनीवर आडवे होऊन दाबावे, म्हणजे कोपर खाली फार जातच नाही. दांडीऐवजी डंबेल घेऊन तळवे एकमेकांसमोर ठेवावेत. स्क्वॉटला मागे खोके ठेवून खोली ठरवून घ्यावी आणि दर पंधरवड्याने खोके बुटके करावे. वेग कमी केला की हलके वजनही जड होते. आणि एक हात प्लास्टरमध्ये असेल तर दुसऱ्याचा व्यायाम चालूच ठेवावा. 1894 मध्ये येल विद्यापीठात स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले होते की, एका हाताने केलेल्या सरावाने न वापरलेल्या हाताचीही ताकद वाढते.

एका बाबतीत मात्र घासाघीस चालत नाही, ती म्हणजे काळ. गुडघ्याचे एसीएल लिगामेंट नव्याने बसवल्यावर खेळाडूला चौथ्या-पाचव्या महिन्यातच ठणठणीत वाटू लागते, पण आतला टेंडनचा तुकडा अजून लिगामेंट होण्याच्या वाटेवर असतो. नॉर्वेत 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतणे जितके लांबवले, तितका दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीचा दर जवळपास निम्म्याने घटलेला दिसला. ‘स्पर्धा तोंडावर आली आहे’ या सबबीला या पुस्तकात कोठेही थारा दिलेला नाही.

वाचकाला एक विनंती. पायात मुंग्या किंवा बधिरपणा, लघवीवरचा ताबा सुटणे, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, शस्त्रक्रियेनंतर पोटरी एकाएकी सुजणे, यांपैकी काही असेल तर पुस्तक मिटून आधी डॉक्टर गाठावा. नसेल, तर पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी साधी दोनशे पानी वही आणावी आणि रोज चार गोष्टी लिहाव्यात: वजन, आवर्तने, व्यायाम करतानाची वेदना आणि दुसऱ्या दिवशी सकाळची वेदना. पुढची उदाहरणे सोडवताना हेच आकडे लागणार आहेत.