ख्रिस्ती विवाह आणि अपत्यसंगोपन

ख्रिस्ती विवाह आणि अपत्यसंगोपन : एका पुरुषाने व एका स्त्रीने राजीखुशीने, साक्षीदारांसमक्ष आणि मरेपर्यंत पाळण्यासाठी देवाच्या नावाने केलेला करार म्हणजे विवाह, अशी बहुतेक ख्रिस्ती पंथांची परंपरागत धारणा आहे. या विवाहातून होणारे मूल ही आईबापांची मालमत्ता नव्हे, देवाने त्यांच्या हवाली केलेली ठेव आहे, असे ख्रिस्ती शिकवण मानते. समलिंगी विवाहाचा अलीकडचा प्रश्न सोडला, तर एवढ्यावर पंथापंथांत फारसा वाद नाही. वाद आहे तो संसार मोडला तर काय करायचे, मुले किती व केव्हा व्हावीत हे कोणी ठरवायचे आणि मुलाच्या श्रद्धेची जबाबदारी घराची की चर्चची, याविषयी.

शास्त्राधार : विवाहाच्या ख्रिस्ती विचाराचा पाया ‘उत्पत्ती’ या ग्रंथातील आदाम-हव्वेच्या कथेत आहे. पुरुष आईबापांना सोडून पत्नीशी जडून राहतो व ती दोघे एकदेह होतात, असे तेथे म्हटले आहे. सूटपत्राविषयी, म्हणजे घटस्फोटाविषयी, परूशांनी विचारले तेव्हा येशूने याच वचनाकडे बोट दाखवले. मार्कच्या शुभवर्तमानात त्याचा नकार बिनशर्त आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात मात्र अनैतिकतेचा अपवाद येतो. पुढे दोन हजार वर्षे चाललेल्या वादाचे मूळ या फरकात सापडते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल अविवाहित राहणे अधिक चांगले मानतो, तरी विवाहाला कमी लेखत नाही. जोडीदार ख्रिस्ती नसला आणि नांदायला तयार असला, तर त्याला सोडू नये. तो आपण होऊन निघून गेला, तर श्रद्धावंत बांधलेला नाही, असा निवाडा तो देतो.

इफिसकरांस पत्रात पतीला पत्नीचे मस्तक म्हटले आहे. पतीने मात्र ख्रिस्ताने मंडळीवर केली तशी, स्वतःला वाहून देणारी प्रीती करावी, अशी त्याला आज्ञा आहे. एक गट या उताऱ्यावरून पतीचे वर्चस्व आजही लागू धरतो. दुसरा गट त्याच्या आधीच्या, सर्वांनी एकमेकांच्या अधीन असावे या वचनावर भर देऊन समानतेचा अर्थ लावतो. मुलांबाबत ‘अनुवाद’ ग्रंथ घरात-दारात, उठता-बसता धर्मशिक्षण देण्यास सांगतो. ‘नीतिसूत्रे’ छडीचे समर्थन करते. इफिसकरांस पत्र मुलांना आज्ञापालन शिकवते, पण बापांनाही मुलांना चिडीस आणू नका असे बजावते. शिष्य मुलांना अडवत असताना येशूने त्यांना जवळ घेतले, हा मार्कमधील प्रसंग बालकविषयक सर्व ख्रिस्ती लेखनात आधाराला घेतला जातो.

ऐतिहासिक विकास : पहिल्या काही शतकांत ख्रिस्ती लोक रोमन रिवाजानेच लग्ने करीत; चर्चचा आशीर्वाद घेण्याची चाल हळूहळू रुळली. मठवास व ब्रह्मचर्य यांची प्रतिष्ठा वाढली तेव्हा विवाह ही केवळ दुर्बलांसाठी दिलेली सवलत आहे काय, असा प्रश्न उभा राहिला. संत ऑगस्टीनने सुमारे ४०१ मध्ये लिहिलेल्या विवाहविषयक ग्रंथात संतती, निष्ठा व अतूट बंधन ही विवाहाची तीन इष्टफळे सांगितली. पाश्चात्त्य विचार बराच काळ याच चौकटीत राहिला.

बाराव्या शतकात विवाह नेमका कशाने सिद्ध होतो, यावर कायदेपंडितांत खल झाला. वधूवरांची संमती हाच विवाहाचा गाभा, हे मत टिकले. मात्र केवळ संमती पुरेशी ठरल्याने चोरून केलेल्या लग्नांचा सुळसुळाट झाला. साक्षीदार नसल्याने नवरा उलटला की बाईला दाद मागता येत नसे. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने धर्मगुरू व किमान दोन साक्षीदार यांच्याविना झालेला विवाह अवैध ठरवला आणि नोंदवही सक्तीची केली.

धर्मसुधारणेने चित्र बदलले. मार्टिन ल्यूथरने विवाह हा संस्कार नसून देवाने नेमलेली ऐहिक व्यवस्था आहे, असे मांडले. १५२५ मध्ये मठ सोडून आलेल्या काटारीना फोन बोरा हिच्याशी त्याने स्वतः विवाह केला. त्यांना सहा मुले झाली आणि धर्मोपदेशकाचे घर हे प्रॉटेस्टंट कुटुंबाचा नमुना बनले. १५४९ च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकाने विवाहाचे तीन हेतू नोंदवले : संतती, पापापासून बचाव आणि परस्परांचा सहवास व आधार. अलीकडच्या शतकात यांतील तिसऱ्या हेतूला जवळजवळ सर्वच चर्चांनी पुढे आणले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये विवाहाचे वर्णन जीवन व प्रेम यांची सहभागिता असे केले.

पंथभेद व विधी : रोमन कॅथलिक पंथात विवाह हा सात संस्कारांपैकी एक आहे. लॅटिन परंपरेत वधूवर स्वतःच एकमेकांना हा संस्कार देतात आणि धर्मगुरू चर्चच्या वतीने साक्षी राहतो. ऑर्थोडॉक्स परंपरेत धर्मगुरूचा आशीर्वाद निर्णायक असतो. वधूवरांच्या मस्तकी मुकुट ठेवणे हा तेथील विधीचा गाभा आहे, तर शब्दांत शपथ घेणे हा पारंपरिक विधीचा भाग नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत विवाह हा संस्कार मानला जात नाही. पाळकासमोर शपथा, अंगठी व प्रार्थना असा सुटसुटीत विधी असतो.

कॅथलिक विवाहाची पूर्वतयारी काटेकोर असते. वधूवरांना बाप्तिस्म्याचा ताजा, सहसा सहा महिन्यांच्या आतला, दाखला आणावा लागतो. विवाहपूर्व शिबिर करावे लागते. धर्मगुरू दोघांना स्वतंत्रपणे प्रश्न विचारून संमतीवर दडपण नाही ना, याची खात्री करतो. लग्नाची घोषणा चर्चमध्ये जाहीर होते, ती कोणाला हरकत असल्यास त्याने पुढे यावे म्हणून. लग्न लागले की त्याची नोंद वधूवरांच्या मूळ धर्मग्रामाकडे (पॅरिशकडे) पाठवली जाते आणि त्यांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात लिहिली जाते. त्यामुळे एक विवाह लपवून दुसरा करू पाहणाऱ्याचा ताजा दाखलाच त्याला उघडे पाडतो. ट्रेंटच्या परिषदेने हाती घेतलेल्या प्रश्नावरचा हा उपाय आजही चालू आहे.

घटस्फोट व विवाहरद्दता : विधिवत झालेला व शरीरसंबंधाने पूर्ण झालेला दोन ख्रिस्ती व्यक्तींचा विवाह कोणीही मोडू शकत नाही, ही कॅथलिक भूमिका आहे. विवाह मुळातच सिद्ध झाला नव्हता, असे चर्चचे न्यायाधिकरण ठरवू शकते. दडपण, फसवणूक, मानसिक अक्षमता ही त्याची काही कारणे होत. ही प्रक्रिया वेळखाऊ असल्याने पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये दुसऱ्या न्यायाधिकरणाच्या शिक्कामोर्तबाची अट काढली. ऑर्थोडॉक्स चर्च मानवी दुर्बलतेला सवलत म्हणून घटस्फोट मान्य करते व तीन विवाहांपर्यंत मुभा देते. पुढच्या विवाहांचा विधी मात्र पश्चात्तापाच्या सुराचा असतो. ल्यूथर व कॅल्व्हिन यांनी व्यभिचार व परित्याग ही कारणे मान्य केली. अँग्लिकन चर्चने दीर्घकाळ विरोध केला; इंग्लंडच्या चर्चने २००२ मध्ये घटस्फोटितांच्या पुनर्विवाहाला काही परिस्थितींत चर्चची दारे उघडली.

संततिनियमन : १९३० पर्यंत कृत्रिम संततिनियमनाला जवळजवळ सर्व चर्चांचा विरोध होता. त्या वर्षी अँग्लिकन बिशपांच्या लॅम्बेथ परिषदेने मर्यादित संमती दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस पोप अकरावे पायस यांनी बंदीचा पुनरुच्चार केला. गर्भनिरोधक गोळी आल्यावर रोम माघार घेईल, अशी अपेक्षा होती. परंतु १९६८ मध्ये पोप सहावे पॉल यांनी आपल्या आयोगातील बहुमताचा सल्ला बाजूला सारून जुनी भूमिका कायम ठेवली. जबाबदार पालकत्वासाठी त्यांनी केवळ नैसर्गिक पद्धतींना मान्यता दिली. बहुसंख्य प्रॉटेस्टंट चर्च हा निर्णय दांपत्याच्या विवेकावर सोपवतात. असंख्य कॅथलिक दांपत्ये व्यवहारात तसेच वागतात.

अपत्यसंगोपन : ख्रिस्ती संगोपनाची सुरुवात बाप्तिस्म्याने होते. तो बालपणीच द्यावा काय, हा मूलभूत वाद आहे. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लुथरन, अँग्लिकन आदी पंथ बालकाला बाप्तिस्मा देतात. १५२५ मध्ये झुरिकमध्ये उदयास आलेल्या पुनर्बाप्तिस्मावाद्यांनी, व पुढे बाप्टिस्टांनी, समज आल्यावर स्वतः कबुली दिलेल्यालाच बाप्तिस्मा असा आग्रह धरला. त्यांच्याकडे तान्ह्या बाळाचे केवळ समर्पण होते. १९७० मध्ये स्थापन झालेल्या उत्तर भारतीय चर्चमध्ये दोन्ही परंपरांच्या मंडळ्या एकत्र आल्याने तेथे दोन्ही पद्धती मान्य आहेत.

कॅथलिक विधीत धर्मगुरू आईबापांना बाळाचे नाव विचारतो. मग तो, आईबाप आणि धर्ममातापिता बाळाच्या कपाळावर क्रूसाची खूण करतात. मस्तकावर तीनदा पाणी ओतले जाते, पवित्र तेल लावले जाते, पांढरे वस्त्र घातले जाते आणि पास्काच्या मोठ्या मेणबत्तीवरून बाळाची मेणबत्ती पेटवून सहसा वडिलांच्या किंवा धर्मपित्याच्या हाती दिली जाते. बाळाच्या वतीने श्रद्धेची कबुली मोठी माणसे देतात. तिचे पालन करवून घेण्याची हमीही त्यांचीच. १९८३ च्या चर्चविधिसंहितेचे ११३६ वे कलम मुलांचे शारीरिक, सामाजिक, सांस्कृतिक, नैतिक व धार्मिक संगोपन हे आईबापांचे अत्यंत गंभीर कर्तव्य व प्रथम अधिकार ठरवते. शाळा व धर्मग्राम त्यांना साहाय्य करतात, त्यांची जागा घेत नाहीत.

घर हेच लहान चर्च, ही कल्पना चौथ्या शतकातील संत जॉन क्रिसोस्टमपर्यंत मागे जाते. मुलांच्या संगोपनावर त्याचा स्वतंत्र प्रबंधही आहे. ल्यूथरची १५२९ ची लहान प्रश्नोत्तरावली कुटुंबप्रमुखाने घरच्यांना शिकवावी म्हणून लिहिलेली होती. १७८० मध्ये रॉबर्ट रेक्स याने ग्लॉस्टर येथे गिरणी-कारखान्यांत राबणाऱ्या मुलांसाठी रविवारची शाळा काढली. पवित्र शास्त्र वाचता यावे म्हणून तेथे अक्षरओळखही शिकवत. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ती ‘शब्बाथशाळा’ म्हणून रुजली. अमेरिकेत होरेस बुशनेल याने १८४७ मध्ये, मुलाचे अचानक हृदयपरिवर्तन होण्याची वाट पाहण्यापेक्षा पहिल्या दिवसापासून श्रद्धेच्या वातावरणात त्याला वाढवावे, असे प्रतिपादन केले. शिक्षेच्या बाबतीत एकमत नाही. काही इव्हँजेलिकल लेखक छडीला शास्त्राधार मानतात. अनेक चर्च तो त्या काळाचा रिवाज समजून मारहाण नाकारतात.

समकालीन प्रश्न : २००२ मध्ये बॉस्टनमधील धर्मगुरूंकडून झालेले बालकांचे लैंगिक शोषण व वरिष्ठांनी केलेली लपवाछपवी वृत्तपत्राने उघड केल्यावर कॅथलिक चर्चच्या नैतिक अधिकाराला जबर हादरा बसला. २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी बालसंरक्षणासाठी आयोग नेमला. समलिंगी विवाहाबाबत चर्चांत उघड फूट आहे. अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चने २०१५ मध्ये व स्कॉटलंडच्या चर्चने २०२२ मध्ये असे विवाह लावण्यास परवानगी दिली. रोमने २०२३ मध्ये अशा जोडप्यांना विवाहविधीशी साम्य नसलेला साधा आशीर्वाद देण्यास मुभा दिली, परंतु विवाहाची व्याख्या बदलली नाही.

महाराष्ट्र व गोवा : धर्मांतराने संसारावर येणारा ताण मराठी वाचकांना लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे परिचित आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. काही काळ ताटातूट झाली, मग त्या आपला धर्म व सोवळे राखून पतीसोबत नांदू लागल्या आणि १९०० मध्ये स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या. पौलाने करिंथकरांना लिहिलेला निवाडा या घरात प्रत्यक्ष पाळला गेला. केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळग्रस्त व निराधार मुलींना आश्रय देऊन, रक्ताच्या नात्याबाहेरही ख्रिस्ती संगोपन घडू शकते, हे दाखवून दिले.

स्थानिक चालीरीती चर्चच्या विधीला लगटूनच असतात. मुंबई परिसरातील ईस्ट इंडियन समाजात लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवरून ‘उंबराचे पाणी’ आणतात. गोव्यात वधूवरांना आपापल्या घरी नारळाचा ‘रोस’ लावतात व वधूला चुडा भरतात. केरळच्या सिरियन ख्रिस्ती लग्नात क्रूस असलेले ‘मिन्नू’ हे मंगळसूत्र बांधले जाते.

भारतातील कायदा : ख्रिस्ती विवाह १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने, तर घटस्फोट १८६९ च्या कायद्याने नियंत्रित होतो. मूळ घटस्फोट कायद्यात पतीला पत्नीचा व्यभिचार एवढे कारण पुरे होते. पत्नीला मात्र व्यभिचारासोबत क्रौर्य, परित्याग असे काही आणखी सिद्ध करावे लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला. २००१ च्या दुरुस्तीने दोघांना समान कारणे व परस्परसंमतीने घटस्फोट मिळाला. वारसाहक्कात, मेरी रॉय खटल्यात १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्रावणकोरच्या ख्रिस्ती मुलींनाही १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याचा समान वाटा लागू केला. ख्रिस्ती वैयक्तिक कायद्यात दत्तकाची तरतूद नव्हती. १८९० च्या पालकत्व कायद्याने केवळ पालकत्व मिळे. आता बालन्याय कायद्यानुसार ख्रिस्ती दांपत्यालाही पूर्ण दत्तक घेता येते.

गोव्यात पोर्तुगीज काळातील नागरी संहिता चालू आहे. तेथे विवाहाची नागरी नोंदणी आवश्यक आहे आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता पतिपत्नींच्या सामाईक मालकीची होते. इतरत्र चर्चच्या न्यायाधिकरणाचा निकाल कायद्याने विवाह संपवत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले. म्हणून गोव्याबाहेरच्या कॅथलिक व्यक्तीला चर्चमध्ये पुन्हा लग्न करायचे असेल, तर तिच्या हाती न्यायाधिकरणाचा विवाहरद्दतेचा निर्णय आणि दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा, असे दोन्ही कागद असावे लागतात.