काँक्रीट आतून का फुगतं? सल्फेट अटॅकची केमिस्ट्री सोप्या भाषेत

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे ‘अटॅक’ म्हटलं की मला आधी सर्व्हर आठवतो. पण हा अटॅक जमिनीतलं पाणी करतं, तेही थेट इमारतीच्या पायावर.

आत नेमकं काय होतं?

सिमेंटमध्ये ट्रायकॅल्शियम अॅल्युमिनेट नावाचा घटक असतो. तो पाण्याशी इतक्या झटपट रिअ‍ॅक्ट होतो की सिमेंट काही मिनिटांतच घट्ट होईल. म्हणून कारखान्यातच त्यात थोडं जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, दळतात. दोघांपासून एट्रिंगाइटचे सुईसारखे स्फटिक बनतात. काँक्रीट तेव्हा ओलं असतं, त्यामुळे स्फटिकांना जागा मिळते. जिप्सम संपलं की यातल्या बऱ्याचशा एट्रिंगाइटचं मोनोसल्फेट होतं.

खरी गडबड नंतर होते. माती, समुद्र किंवा सांडपाण्यातलं सल्फेट बारीक छिद्रांतून आत शिरतं आणि मोनोसल्फेटपासून पुन्हा एट्रिंगाइट तयार होतं. त्याच्या सूत्रात पाण्याचे तब्बल ३२ रेणू असतात, म्हणजे जागा जास्त लागते. पण आता काँक्रीट कडक झालेलं असतं. मग ते आतून फुगतं, तडे जातात आणि तड्यांतून आणखी पाणी शिरतं. म्हणजे तेच रसायन आधी कामाचं, नंतर घातक!

दुसरा प्रकार

१९९८ मध्ये इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायर भागात एम-५ महामार्गावरच्या पुलांचं जमिनीखालचं काँक्रीट मऊ पडलेलं आढळलं. भरावाच्या मातीत पायराइट होतं. खोदकामात त्याला हवा लागली आणि सल्फेट तयार झालं. थंड, ओल्या जागी त्यातून थॉमासाइट बनलं. हे तर सिमेंटचा मुख्य डिंक, कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटच खातं.

उपाय काय?

सल्फेट रेझिस्टिंग सिमेंटमध्ये (आयएस १२३३०) ट्रायकॅल्शियम अॅल्युमिनेट जास्तीत जास्त ५% असतं. पण थॉमासाइटपुढे तेवढं पुरत नाही. खरा बचाव म्हणजे पाणी आत शिरू न देणारं घट्ट काँक्रीट: कालवताना पाणी कमी, फ्लाय अॅश किंवा स्लॅगचं सिमेंट, आणि नंतर नीट पाणी मारणं.

घरी बांधकाम काढताय? मग माती आणि पाण्याच्या रिपोर्टमध्ये सल्फेटचा आकडा आधी बघा. माल पातळ करायला मिस्त्रीने जास्तीचं पाणी ओतलं, तर तिथेच थांबवा. पाया एकदा मातीखाली गेला की तडे दिसत नाहीत!