मोरींतील ओंजळभर पाणी

शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव हें खेडें आहे. तेथील पांढरीच्या टेकाडांत डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९६८ ते १९८३ या काळांत उत्खनन केलें आणि सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींची शेतकऱ्यांची वस्ती उजेडांत आणली. घरें, गल्ल्या, धान्याचें कोठार, आणि शेतांस पाणी देण्यासाठीं खणलेला सुमारें २०० मीटर लांबीचा पाट हीं तेथें सांपडलीं. मोहेंजोदडोसारखीं झांकलेलीं विटांचीं गटारें मात्र तेथें नव्हतीं. पाणी वळविण्याची कला त्या लोकांस अवगत होती; पण विरळ वस्तींत सांडपाण्याची दुर्गंधी वाराच वाहून नेत असावा.

गटार झांकून थेट घराशीं जोडलें, कीं निराळीच अडचण उभी राहते. ज्या वाटेनें घाण जाते त्याच वाटेनें तिची हवा परत येते. लंडनचा घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यानें १७७५ सालीं आपल्या शौचकूपासाठीं नागमोडी नळीचें पेटंट घेतलें. हिच्या बांकांत थोडें पाणी नेहमीं सांचून राहतें. घाण त्यांतून पलीकडे जाते, परंतु हवेस अलीकडे येतां येत नाहीं. याच तत्त्वावरील मोरींतल्या भांड्यास आपल्याकडील बांधकामाच्या परिभाषेंत 'नहाणी ट्रॅप' म्हणतात.

त्या काळीं दुर्गंधी हेंच रोगाचें मूळ, असा समज होता. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. आकासियो व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला, तेव्हां अधिकाऱ्यांचा संशय गटारांवरच गेला. समुद्राचें पाणी व कार्बोलिक यांनीं गटारें धुण्यांत आलीं. प्लेग हटला नाहीं. १८९८ मध्यें पॉल-लुई सिमाँ यानें कराचीस उंदरांवरील पिसवांचा संबंध दाखवून दिला, आणि गटारांतील हवा त्या आरोपांतून सुटली.

मग चुकीच्या समजुतींतून रुजलेली ही पाण्याची आडकाठी व्यर्थच म्हणावयाची काय? तसें नाहीं. २००३ सालीं हाँगकाँगच्या एका उंच वसाहतींत तीनशेंहून अधिक लोकांस सार्सची बाधा झाली. मोऱ्या पाण्यानें न धुतां फडक्यानें पुसल्या जात, त्यामुळें ट्रॅप कोरडे पडले, आणि हवा ओढणाऱ्या पंख्यांमुळें मैलानळांतील दूषित तुषार घरांत शिरले, असा निष्कर्ष तेथील चौकशींत निघाला. नळीची रचना चुकली नव्हती. तिच्यांतील पाणी आटलें होतें.

उपपत्ति बदलली, तरी सावधगिरी फुकट गेली नाहीं. इनामगांवकरांस या पहाऱ्याची गरज नव्हती. आपण गटार भिंतीच्या आड घेतलें, तेव्हां तो पहारा राखण्याचें कामही पत्करलें. उन्हाळ्यांत महिनाभर गांवीं जाऊन परतलेल्या गृहिणीस मोरीची दुर्गंधी जाणवते, ती याचमुळें. तिनें ओतलेला तांब्याभर पाण्यानें तो पहारा पुन्हां उभा राहतो.