दोन विजय आणि सात शतांश

#धागा

१/ विजय मर्चंट यांची कसोटी सरासरी ४७.७२. विजय हजारे यांची ४७.६५. दोघांत फरक अवघ्या सात शतांशांचा. कसोटी सामन्यांची संख्या मात्र अनुक्रमे १० आणि ३०. भारतीय क्रिकेटमधील एका मोठ्या चढाओढीचा सारा इतिहास या चार आकड्यांत साठलेला आहे. तो समजून घेण्यासाठी धावांबरोबर दोन माणसांच्या शरीरांचाही हिशेब मांडावा लागतो.

२/ टेनिसच्या चाहत्यांना हा हिशेब परिचित आहे. नदाल आणि फेडरर यांच्यात ४० सामने झाले. नदालने २४ जिंकले आणि त्यांतले १४ मातीच्या कोर्टवरचे होते. डावखुऱ्या नदालचा उसळता टॉपस्पिन फेडररच्या एकहाती बॅकहँडला खांद्याच्या उंचीवर गाठत असे. २००९ मध्ये मात्र गुडघ्यांच्या दुखण्यामुळे नदाल विम्बल्डनला उतरलाच नाही आणि ते विजेतेपद फेडररने पटकावले. शैली आणि दुखापत या दोन गोष्टी चढाओढीचा आलेख असा वळवतात.

३/ क्रिकेटमधील दोन फलंदाजांची चढाओढ याहून वेगळी. त्यांच्यामध्ये जाळी नसते, सर्व्हिस नसते. एकाने धावफलकावर आकडा लावायचा आणि दुसऱ्याने तो ओलांडायचा. त्यासाठी पहिली अट एकच, दोघांनीही मैदानात असले पाहिजे. मर्चंट आणि हजारे यांच्या कथेत हीच अट निर्णायक ठरली.

४/ मर्चंट यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९११ रोजी मुंबईत, कापडगिरण्यांच्या व्यवसायातील ठाकरसी घराण्यात झाला. हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीत, एका शिक्षकाच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. एकाच्या पाठीशी मुंबईचे जिमखाने आणि घरची सुबत्ता होती. दुसऱ्याला क्रिकेटवर जगण्यासाठी संस्थानिकांचा आश्रय घ्यावा लागला. पुढे बडोदा हीच हजारे यांची कर्मभूमी झाली.

५/ दोघांच्या शैलीही भिन्न होत्या. मर्चंट बुटके, चपळ पावलांचे सलामीवीर. चेंडू अगदी शेवटच्या क्षणापर्यंत पाहून मारलेला लेटकट ही त्यांची ओळख. हुकवरही त्यांची हुकमत होती. ताकदीपेक्षा अचूक वेळेवर आणि भक्कम बचावावर उभी असलेली ही फलंदाजी होती. मुंबईच्या फलंदाजीला पुढे जो ‘खडूस’पणा चिकटला, त्याच्या आद्य शिल्पकारांत मर्चंट यांचे नाव घेतले जाते.

६/ हजारे यांचा पवित्रा पाहून एखाद्या प्रशिक्षकाने कपाळाला हात लावला असता. बॅट दोन पॅडच्या मध्ये अडकवल्यासारखी धरलेली. परंतु ऑस्ट्रेलियाचे विख्यात लेगस्पिनर क्लॅरी ग्रिमेट यांनी त्यांना मार्गदर्शन करताना हा पवित्रा बदलू नये, असाच सल्ला दिला. चेंडू सुटला की तीच बॅट सरळ रेषेत खाली येई. शिवाय हजारे मध्यमगती गोलंदाजही होते. प्रथम श्रेणीतील त्यांचे ५९५ बळी या कथेत पुढे महत्त्वाचे ठरतात.

७/ चढाओढीचे पहिले रंगमंच होते मुंबईचे पंचरंगी सामने. हिंदू, मुस्लिम, पारशी आणि युरोपियन या चार संघांच्या चौरंगी स्पर्धेत १९३७ मध्ये ‘द रेस्ट’ हा पाचवा संघ आला. भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू अशा ‘उरलेल्यां’चा तो संघ. मर्चंट हिंदूंकडून खेळत आणि हजारे, ख्रिस्ती असल्यामुळे, ‘द रेस्ट’कडून.

८/ धर्मावर आधारलेल्या या स्पर्धेला तीव्र विरोधही होता. डिसेंबर १९४० मध्ये महात्मा गांधींनी तिच्याविषयीची नापसंती जाहीरपणे व्यक्त केली. तरीही ब्रेबॉर्न स्टेडियम भरत राहिले. दुसऱ्या महायुद्धामुळे आंतरराष्ट्रीय दौरे बंद होते. भारताने १९३६ नंतर थेट १९४६ मध्ये कसोटी खेळली. ऐन उमेदीतल्या फलंदाजांना आपले सामर्थ्य सिद्ध करायला देशातली मैदानेच उरली होती.

९/ संघांचे बळ मात्र समान नव्हते. हिंदू संघात देशातील नामवंत खेळाडूंची रांग असे. ‘द रेस्ट’ची मदार बहुतांशी एकट्या हजारे यांच्यावर असे. त्यामुळे एकाची फलंदाजी मोठी धावसंख्या उभारण्याची, तर दुसऱ्याची पडझड थोपवण्याची. शैली ही केवळ स्वभावातून घडत नाही. पलीकडच्या टोकाला कोण उभे आहे, यावरूनही ती घडते.

१०/ आता १९४३-४४ चा हंगाम. पंचरंगी स्पर्धेतील सर्वोच्च धावसंख्येचा विक्रम मर्चंट यांच्या नाबाद २४३ धावांचा होता. हजारे यांनी मुस्लिम संघाविरुद्ध २४८ धावा काढून तो मोडला. त्यानंतर अंतिम सामन्यात हिंदू आणि ‘द रेस्ट’ समोरासमोर आले. मर्चंट यांनी नाबाद २५० धावा केल्या. विक्रम पुन्हा त्यांच्याकडे आला, दोन धावांनी. हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव घोषित केला.

११/ ‘द रेस्ट’चा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. त्यात हजारे यांच्या ५९. मग फॉलोऑन. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा झाल्या आणि त्यांपैकी ३०९ एकट्या हजारे यांच्या. म्हणजे संघाच्या शंभर धावांतील जवळजवळ ऐंशी. विक्रम काही दिवसांतच तिसऱ्यांदा हात बदलून हजारे यांच्याकडे परतला.

१२/ त्या डावात सहाव्या गड्यासाठी ३०० धावांची भागीदारी झाली. दुसऱ्या टोकाला होते हजारे यांचे धाकटे बंधू विवेक. त्यांचा वाटा २१ धावांचा! या २१ धावांना क्रिकेटच्या इतिहासात फार मोठे मोल आहे. विवेक तग धरून राहिले म्हणूनच त्रिशतक शक्य झाले.

१३/ सामना हिंदू संघाने एक डाव आणि ६१ धावांनी जिंकला. दोन्ही डाव मिळून ‘द रेस्ट’च्या ५२० धावांपैकी ३६८ हजारे यांच्या होत्या, तरीही पदरी पराभवच आला. चढाओढीचा मान एकाकडे गेला आणि चषक दुसऱ्याकडे.

१४/ मर्चंट यांनी उत्तराला वेळ लावला नाही. त्याच हंगामात रणजी करंडकात मुंबईकडून महाराष्ट्राविरुद्ध त्यांनी नाबाद ३५९ धावा केल्या. हा विक्रम १९४८ मध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर यांच्या नाबाद ४४३ धावांनी मागे पडला. २४३, २४८, २५०, ३०९, ३५९ ही मालिका पाहिली की दोघे एकमेकांना कसे पुढे रेटत होते, ते कळते.

१५/ या आकड्यांमागे खेळपट्ट्यांचाही हात होता. ब्रेबॉर्नची खेळपट्टी फलंदाजांना धार्जिणी होती आणि सामने दीर्घ चालत. अशा ठिकाणी कौशल्याइतकाच कस लागतो तो दमसासाचा. तासन्‌तास उन्हात उभे राहणे, धावणे आणि त्यातही लक्ष न ढळू देणे. आजच्या फिटनेस चाचण्या तेव्हा नव्हत्या. शरीराची परीक्षा हा डाव स्वतःच घेत असे.

१६/ १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यावर दोघे एकाच संघात आले. मर्चंट यांनी ७४.५३ च्या सरासरीने २,३८५ धावा केल्या. लँकेशायरविरुद्ध त्यांची नाबाद २४२ ही खेळी झाली. हजारे यांनी यॉर्कशायरविरुद्ध नाबाद २४४ धावा केल्या. पुन्हा फरक दोन धावांचा! मर्चंट यांचे काम फलंदाजीपुरते होते. हजारे यांना उन्हाळाभर गोलंदाजीचे ओझेही वाहावे लागले.

१७/ येथून वाटा फुटल्या. १९४७-४८ मध्ये स्वतंत्र भारताचा पहिला संघ ऑस्ट्रेलियाला निघाला. कर्णधारपद मर्चंट यांच्याकडे होते, परंतु प्रकृतीच्या कारणास्तव त्यांना माघार घ्यावी लागली. नेतृत्व लाला अमरनाथ यांच्याकडे गेले. परिणामी लिंडवॉल आणि मिलर या जोडीसमोर कसोटीत मर्चंट यांची फलंदाजी कशी झाली असती, या प्रश्नाला इतिहासात उत्तर नाही.

१८/ हजारे यांचे उत्तर मात्र ॲडलेडमध्ये नोंदले गेले. जानेवारी १९४८ मध्ये त्यांनी एकाच कसोटीत ११६ आणि १४५ धावा केल्या. कसोटीच्या दोन्ही डावांत शतके करणारे ते पहिले भारतीय. त्याच सामन्यात ब्रॅडमन २०१ धावांवर त्रिफळाचीत झाले. गोलंदाज होते हजारे. भारत डावाने हरला. ‘द रेस्ट’मधील एकाकी झुंज आता देशाच्या वतीने चालू होती.

१९/ दोघांची शेवटची कसोटी भेट नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्लीत, इंग्लंडविरुद्ध झाली. हजारे प्रथमच भारताचे कर्णधार होते. चाळिशी गाठलेले मर्चंट पाच वर्षांनी कसोटी खेळत होते. त्यांनी १५४ धावा केल्या. ती तोवरची भारताची सर्वोच्च वैयक्तिक कसोटी धावसंख्या. आधीचा विक्रम हजारे यांच्या ॲडलेडमधील १४५ धावांचा होता. तिसऱ्या गड्यासाठी दोघांनी मिळून २११ धावा जोडल्या.

२०/ तो विक्रम त्याच डावात मोडला. मोडणारे अर्थातच हजारे, नाबाद १६४. ब्रेबॉर्नवर प्रतिस्पर्धी म्हणून सुरू झालेली देवाणघेवाण दिल्लीत एकाच बाजूने खेळताना पूर्ण झाली. भारताने ६ बाद ४१८ वर डाव घोषित केला, पण ॲलन वॉटकिन्स यांनी नाबाद १३७ धावा करून इंग्लंडचा सामना वाचवला.

२१/ याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना मर्चंट यांच्या खांद्याला दुखापत झाली आणि त्यांची कारकीर्द संपली. शेवटच्या कसोटीत शतक करणारा फलंदाज पुन्हा कधी भारताकडून मैदानात उतरू शकला नाही. कसोटी शतक करणारे सर्वांत वयस्कर भारतीय ही त्यांची नोंद आजही कायम आहे.

२२/ तीन महिन्यांनी, फेब्रुवारी १९५२ मध्ये, मद्रासला हजारे यांच्या नेतृत्वाखाली भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला. १९३३ पासून भारताकडून खेळलेल्या मर्चंट यांच्या वाट्याला मात्र एकही कसोटी विजय आला नाही. एका खांद्याने त्यांना त्या क्षणापासून दूर ठेवले.

२३/ शाबूत शरीराचीही किंमत असते. हजारे खेळत राहिले, म्हणून १९५२ च्या उन्हाळ्यात लीड्सला फ्रेड ट्रुमनसमोर भारताची अवस्था ४ बाद शून्य झाली, तेव्हा संघ त्यांच्याच खांद्यावर होता. त्यांनी १४ कसोटींत नेतृत्व केले. वेगवान मारा, परदेशातील खेळपट्ट्या, पराभव, कर्णधारपद हे सारे त्यांच्या ४७.६५ मध्ये मिसळलेले आहे.

२४/ मर्चंट यांच्या ४७.७२ मध्ये मिसळलेले आहे ते वेगळे. त्यांच्या दहाही कसोटी इंग्लंडविरुद्धच्या, त्याही अठरा वर्षांत विखुरलेल्या. मध्ये महायुद्ध, मग आजारपण. त्यांची प्रथम श्रेणीतील ७१.६४ ही सरासरी मोठी कारकीर्द असलेल्या फलंदाजांत ब्रॅडमन यांच्याखालोखाल आहे. जे गमावले ते किती मोठे होते, याचा हा पुरावा.

२५/ म्हणून या सात शतांशांवरून थोरला कोण, हे ठरवता येत नाही. एका सरासरीत न खेळलेल्या सामन्यांचे मौन आहे. दुसरीत न चुकवता आलेल्या सामन्यांचा भार आहे. चढाओढींचा इतिहास लिहिताना फलकावरचे आकडे मोजले जातात. त्याच वहीत गैरहजेरीचाही रकाना असायला हवा.

२६/ आज सोळा वर्षांखालील मुलांच्या राष्ट्रीय स्पर्धेला विजय मर्चंट यांचे नाव आहे आणि राज्यसंघांच्या एकदिवसीय स्पर्धेला विजय हजारे यांचे. पाथरीसारख्या गावातून एखादा मुलगा महाराष्ट्राच्या संघापर्यंत पोहोचलाच, तर त्याचा रस्ता आधी मर्चंट करंडकातून आणि मग हजारे करंडकातून जाईल. मधल्या वर्षांत त्याला धावा तर जमवाव्या लागतीलच, पण खांदे आणि गुडघेही सांभाळावे लागतील.

(धागा समाप्त)